आजीचा मोतमावलीचा नवस राहून गेला, आता काय करावं?

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंचा हा प्रश्न. त्यांची आजी तरुणपणी मुंबईत राहत होती. नातू लहानपणी खूप आजारी पडला तेव्हा ‘पोरगं बरं झालं की बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचं बाळ वाहीन’, असा नवस ती बोलली. मोतमावली म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधली मरियामाता, येशूची आई. पोरगं बरं झालं, आजी गावी आली, वारली, नवस तसाच राहिला. आता घरात एकामागून एक अडचणी येतायत आणि एक नातेवाईक म्हणतात की हे सगळं त्या राहिलेल्या नवसाचं. ताई विचारतात: आम्ही हिंदू, तिथं गेलेलं चालतं का? 8 सप्टेंबरलाच जावं लागतं का? तो दिवस नेमका कशाचा? आणि तिथं जाऊन करायचं काय?

मी बांद्र्याच्या बाजूला मुलांना आणि मोठ्यांना कॅथलिक धर्मशिक्षण देतो आणि जत्रेच्या आठवड्यात रांगांजवळ मदतीला उभा असतो. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, बहुतेकदा जरा बाजूला घेऊन, दबक्या आवाजात. म्हणून आधी त्या भीतीचं उत्तर देतो, सणाचं नंतर.

तुमच्या अडचणींचा आणि त्या नवसाचा काही संबंध नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाही, आमच्या चर्चचा नियमच तसा आहे. 1983 सालच्या कॅथलिक धर्मसंहितेत नवसावर स्वतंत्र कलमं आहेत. त्यातलं 1191वं कलम म्हणतं की नवस म्हणजे देवाला समजून-उमजून, कुणाच्याही दबावाशिवाय दिलेलं वचन. ते शक्य कोटीतलं असलं पाहिजे आणि चांगल्या गोष्टीचं असलं पाहिजे. अन्यायाच्या धाकानं बोललेला नवस नवसच धरला जात नाही. आणि 1193व्या कलमानुसार नवस हा मुळातच, जो बोलतो त्यालाच बांधतो. आजीचा नवस आजीचा. तो मुलाकडे, सुनेकडे, नातवाकडे उतरत नाही. शिवाय हे कायदे कॅथलिकांसाठी आहेत, तुमची आजी तर त्या चौकटीतही नव्हती. एवढंच कशाला, खुद्द कॅथलिक माणसालासुद्धा स्वतः बोललेला खासगी नवस तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कामात बदलून घ्यायची मुभा आहे. गुडघ्यांवर पायऱ्या चढेन असं तरुणपणी बोललेल्या एखाद्या बाईंचे पुढं गुडघे गेले, तर त्यांनी त्याऐवजी एखाद्या पेशंटच्या औषधांचा खर्च उचलला तरी चालतं.

तेव्हा त्या नातेवाइकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका. जो देव दुसऱ्याचं राहिलेलं देणं नातवंडांकडून वसूल करतो, तसला देव आमच्या शिकवणीत नाही. मेणाचं बाळ ही फी नव्हे. आजीला ‘पोर वाचलं’ हे तिथं जाऊन सांगायचं होतं. ते सांगायला तुम्हाला जावंसं वाटत असेल तर जरूर या. नाही जमलं तरी बिघडत नाही.

आता हा ‘मोतमावलीला नवस’ म्हणजे काय ते थोडं समजून घ्या, कारण आमचेच लोक इथं गोंधळ करतात. कॅथलिक शिकवणीत पूजा फक्त देवाची. मरियामाता देव नाही, ती येशूची आई. तिच्याकडे मागायचं ते असं की ‘तू आमच्यासाठी तुझ्या पुत्राकडे शब्द टाक.’ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नाचा प्रसंग आहे. पाहुणे जमलेत आणि द्राक्षारस संपलाय. यजमानाची अब्रू जायची वेळ. हे पहिल्यांदा मरियेच्या लक्षात येतं. ती येशूला एवढंच सांगते की यांच्याकडचा द्राक्षारस संपलाय, आणि नोकरांना म्हणते, हा सांगेल तसं करा. बस्स. पुढचं सगळं येशू करतो. बांद्र्याच्या डोंगरावर रांगेत उभी असलेली बाई, मग ती चिंबईची कोळीण असो नाहीतर डोंबिवलीहून आलेली ब्राह्मण आजी, तिला मरियेकडून हेच अपेक्षित असतं: स्वयंपाकघरात काय संपलंय ते आपण न सांगता ओळखणारी बाई.

8 सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस. कॅथलिक पंचांगात संतांचे दिवस असतात ते बहुधा त्यांच्या मृत्यूचे, म्हणजे स्वर्गातल्या जन्माचे. पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो तिघांचाच: 25 डिसेंबरला येशूचा, 24 जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आणि 8 सप्टेंबरला मरियेचा. गंमत म्हणजे बायबलमध्ये मरियेच्या जन्माविषयी एक ओळही नाही. तिचे आईवडील अॅना आणि योआकिम, त्यांना उतारवयापर्यंत मूल नव्हतं, लोक टोमणे मारायचे, मग देवानं त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं, ही सगळी हकिगत दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून आली आहे, आणि तो ग्रंथ बायबलचा भाग नाही. त्यामुळे ती कथा मानायलाच हवी असा कॅथलिकांवर नियम नाही. पण ती लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली की अॅना-योआकिमांचाही 26 जुलैला सण असतो आणि त्याला आम्ही आजी-आजोबांचा दिवस म्हणतो. अपत्य नसलेली जोडपी मोतमावलीकडे एवढ्या संख्येनं का येतात, याचं एक मूळ या कथेत आहे असं मला वाटतं. जिच्या आईनंच मुलासाठी डोळ्यांत पाणी आणलं, तिला हे दुःख सांगावं लागत नाही, असा तो हिशेब.

सण सुरू झाला तो जेरुसलेममध्ये. बेथेस्दा तळ्याजवळ, जिथं मरियेचा जन्म झाला असं मानतात, तिथं पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास चर्च होतं. रोममध्ये हा सण रुजला सातव्या शतकाच्या अखेरीस, पोप सेर्जियस पहिले यांच्या काळात; ते सिरियन घराण्यातले, म्हणजे पूर्वेकडच्या प्रथा माहीत असलेले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचं धार्मिक वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे त्यांच्या वर्षातला हा पहिला मोठा सण. त्यातला भाव असा: येशू हा सूर्य धरला, तर मरियेचा जन्म म्हणजे त्याआधीचं तांबडं. अजून उजाडलेलं नाही, पण रात्र संपली हे कळलेलं आहे.

त्या दिवशीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, आलात तर शुभवर्तमान म्हणून नावांची एक लांबलचक यादी ऐकू येईल. मत्तयच्या पहिल्या अध्यायातली ती येशूची वंशावळ. अब्राहाम, इसहाक, याकोब, यहुदा… अर्धी मंडळी तिथं चुळबुळ करतात, आणि वाचणाऱ्या फादरांची जीभही एखाद-दुसऱ्या नावाला अडखळते. पण कान देऊन ऐकलंत तर बापांच्या त्या रांगेत मधूनच काही बायका येतात: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. एकीनं हक्कासाठी सासऱ्यालाच पेचात पकडलं, एक वेश्या, एक परक्या मवाब देशातली विधवा, एकीवर राजाची नजर पडली आणि नवऱ्याचा जीव गेला. या चौघींनंतर पाचवी मरिया. जन्मदिवसाला हा उतारा का, असं मला वर्गात विचारतात, तेव्हा मी पोरांना आपापल्या घराण्याच्या झाडात पणजीच्या वरच्या बायकांची नावं लिहायला सांगतो. बहुतेकांचा कागद कोराच राहतो.

आता जागेचं सांगतो. वांद्र्याच्या टोकाला समुद्राकाठी जो डोंगर आहे, त्यावर सोळाव्या शतकात जेज्विट या कॅथलिक संघाच्या फादरांनी मरियेचं छोटं प्रार्थनाघर बांधलं. मूर्ती पोर्तुगालहून आलेली. 1700 साली अरब चाच्यांनी हल्ला केला, मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू पाहून तो उजवा हातच तोडला, असं सांगतात. पुढं अठराव्या शतकात चर्च पुन्हा बांधलं तेव्हा काही काळ दुसरीच मूर्ती तिथं होती. ती कोळ्यांना समुद्रात सापडलेली. एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात मूर्ती मिळेल, आणि खरोखरच ती लाटांवर तरंगताना मिळाली, अशी आख्यायिका आहे. नंतर मूळ मूर्ती दुरुस्त होऊन आपल्या जागी परत आली. कोळी समाजाला या डोंगरावर आपला वेगळा हक्क वाटतो तो या कथेमुळे, आणि खरं सांगायचं तर ‘मोतमावली’ हे नाव मुंबईभर केलं तेही त्यांनीच.

आज दिसतं ते चर्च 1904 सालचं. त्याचा आराखडा शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुविशारदाचा. 1954 मध्ये पोपनी त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. पारशांचं आणि या डोंगराचं नातं जुनंच आहे. खालून वर येणाऱ्या पायऱ्या एकोणिसाव्या शतकात एका पारशी गृहस्थानं बांधून दिल्या. आणि माहीमची खाडी ओलांडणारा कॉजवे 1845 मध्ये झाला तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिल्यामुळे. त्याआधी खाडी नावेतून पार करावी लागे आणि पावसाळ्यात नावा उलटत. अवाबाईंनी हे दान मोतमावलीला बोललेल्या नवसापोटी दिलं, अशी गोष्ट वांद्र्यात सगळे सांगतात. दान पक्कं नोंदलेलं आहे. नवसाची गोष्ट ऐकीव. पण ‘आम्ही हिंदू, चालेल का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं. मुसलमानही येतात. कुराणात मरियेच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे आणि तिच्या जन्माची हकिगतही आहे, त्यामुळे त्यांना ती परकी नाही.

तारखेचा घोळ मात्र समजून घ्या, कारण यात लोक हटकून चुकतात. जन्मदिवस 8 सप्टेंबर. डोंगरावरचा मोठा सण त्यानंतरच्या रविवारी, आणि तिथून पुढच्या रविवारपर्यंत आठवडाभर जत्रा. 8 तारखेलाच रविवार आला तर त्याच दिवशी, जसा 2024 मध्ये आला होता. त्या वर्षी गणपती आदल्याच दिवशी बसले होते, त्यामुळे पोलीस, बेस्ट आणि आम्ही, सगळ्यांचीच तारांबळ. सणाच्या आधी नऊ दिवस नोव्हेना असते, म्हणजे रोजची ठरावीक प्रार्थना आणि मिस्सा. ‘बुधवारी नोव्हेनाला गेलं तर चालेल ना?’ असं कुणी विचारलं की ओळखायचं, यांना माहीमचं सेंट मायकल चर्च म्हणायचंय. दर बुधवारची ती नोव्हेना वेगळी. तीही मरियामातेचीच, पण या सणाशी तिचा संबंध नाही.

8 सप्टेंबरलाच यायला हवं असं नाही, जत्रेतच यायला हवं असंही नाही. चर्च वर्षभर उघडं असतं. गर्दी नको असेल, सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर मी तर सांगेन की जत्रेचे दोन्ही रविवार सोडाच. जत्रा बघायचीय तर मधल्या एखाद्या वारी सकाळी लवकर या. वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेकडून त्या आठवड्यात बेस्टच्या जादा बस असतात. स्वतःची गाडी आणू नका. वरच्या रस्त्यांवर वाहनं अडवतात आणि तुम्ही हिल रोडलाच अडकून पडाल. छत्री हवीच. भाद्रपदातला पाऊस जत्रा बघून थांबत नाही.

चढावर दोन्ही बाजूंना मेणाची दुकानं लागतात. फळ्यांवर ओळीनं बाळं, हात, पाय, हृदयं, डोळे, घरं, मोटारी, विमानं आणि हल्ली पासपोर्टसुद्धा. कोकणी-मराठी-हिंदी मिसळून बोलणाऱ्या बायका हाक मारतात, ‘घर पायजे? पोर पायजे? नोकरी?’ बाळ विकत घ्याल तेव्हा हातात धरून बघा. पांढरट मेण, थोडं तेलकट, दोन साच्यांतून काढल्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत बाजूनं शिवण उमटलेली, नाकाडोळ्याच्या जागी नुसता उंचवटा. बाई ते वर्तमानपत्रात गुंडाळून देते. पिशवीत सगळ्यात वर ठेवा. गर्दीत दबलं की मान मोडते. मोडलंच तर अपशकुन-बिपशकुन काही नाही, तसंच वाहा. आणि मोठं बाळ घेतलं तर जास्त पावतं असं कुणी दुकानदार सुचवायला लागला तर हसून पुढं चला.

हे बाळ पेटवायचं नसतं. साध्या मेणबत्त्या बाहेर त्यांच्यासाठी केलेल्या जागी लावायच्या. मेणाचे अवयव आणि बाळं आत न्यायची आणि वेदीपुढं ठेवायची किंवा तिथं उभ्या स्वयंसेवकाच्या हाती द्यायची. फुलं-हारही चालतात. मूर्तीला हात लावायचा आग्रह धरू नका, मागं हजार माणसं उभी असतात. चपला काढायची सक्ती नाही, पण अनेक हिंदू भाविक सवयीनं काढतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. उंबऱ्याशी पाण्याचं भांडं दिसेल, त्यात बोटं बुडवून आमचे लोक क्रूसाची खूण करतात. ती तुम्ही करायलाच हवी असं नाही. हात जोडलेत तरी पुरे. काय म्हणायचं असंही विचारतात लोक. तुमच्या मराठीत, आजीशी बोलायचात तसं बोला.

एकच गोष्ट जपा. मिस्सा चालू असेल आणि तुम्ही बसलात तर बसा, आनंदच आहे. पण शेवटाकडे लोक रांगेनं पुढं जाऊन पांढरी चकती तोंडात घेतात, ते कम्युनियन. तो प्रसाद वाटण्याचा प्रकार नव्हे. आमच्या श्रद्धेनं ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि बाप्तिस्मा घेऊन, तयारी करून कॅथलिक तो घेतात. तेव्हा जागेवर बसून राहा. दरवर्षी कुणीतरी भाबडेपणानं रांगेत येतं, चकती रुमालात बांधून घरी न्यायला बघतं, आणि मग आम्हाला धावपळ करावी लागते. रागावून कुणी बोललं तर त्यामागं अपमान करायचा हेतू नसतो, घाबरलेला असतो तो माणूस.

खाली उतरताना काडयो-बोडयो घ्या, गूळ लावलेल्या त्या कुरकुरीत कांड्या. नवसाशी संबंध शून्य, पण जत्रेला येऊन त्या न घेता जाणारा माणूस मी बघितलेला नाही.

सगळीकडे हा दिवस असाच असतो असं मात्र समजू नका. मंगळुरी आणि काही कोकणी कॅथलिकांकडे तो नव्या भाताचा सण आहे: मुलं नऊ दिवस मरियेला फुलं वाहतात, शेवटच्या दिवशी चर्चमध्ये भाताच्या लोंब्या आशीर्वादित होतात, दाणे कुटून घरातल्या सगळ्यांना दिले जातात आणि जेवण शाकाहारी. आमचा ईस्ट इंडियन समाज, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक, नव्या पिकाचा सण, आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी करतो, म्हणून आमच्याकडे 8 तारखेला भात नाही. आणि महाराष्ट्रातले जे मराठी ख्रिस्ती प्रोटेस्टंट आहेत, नगर, पुणे, सोलापूरकडे त्यांची मोठी वस्ती आहे, ते हा सण सहसा पाळतच नाहीत. तुमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला तुम्ही 8 सप्टेंबरच्या शुभेच्छा दिल्यात आणि ते गोंधळले, तर कारण हे असेल.

बांद्र्यापर्यंत येणं जमत नसेल तर तुमच्याच जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. तिथं संत तेरेजा चर्चमध्ये सप्टेंबरमध्ये याच जन्मोत्सवाची यात्रा भरते. तिथं तिला मतमाउली म्हणतात. आसपासच्या जिल्ह्यांतून दिंड्या पायी येतात, भजनं होतात, आणि येणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसं असतात. बांद्र्यापेक्षा तिथलं वातावरण तुम्हाला जास्त ओळखीचं वाटेल, कारण त्याला वळण वारीचं आहे. आजी बांद्र्याला बोलली होती म्हणून बांद्र्यालाच फेडायला हवं असं नाही. मरिया काही एका डोंगरापुरती नाही. बाळ येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या हाती पाठवलंत तरी चालतं, कोळीवाड्यातल्या बायका शेजारणींची बाळं सर्रास नेतात.

आणखी एक करता येईल, जे फार जणांना माहीत नसतं. आजीच्या नावानं मिस्सा सांगा. धर्मसंहितेचं 901वं कलम फादरांना कुणासाठीही मिस्सा अर्पण करायची मोकळीक देतं, जिवंत असो वा मृत, आणि त्यात कॅथलिकच असला पाहिजे अशी अट नाही. चर्चच्या ऑफिसात जाऊन आजीचं नाव आणि हवी ती तारीख सांगायची. त्याला काही देणगी देण्याची रीत आहे, पण ती देता आली नाही म्हणून मिस्सा नाकारू नये, गरिबांसाठी तशीच करावी, असं त्याच संहितेत सांगितलंय. जत्रेच्या आठवड्यात नावांचा ढीग असतो, म्हणून तारीख ऑक्टोबरातली मागा. मिस्सेला घरचं एखादं तरी माणूस हजर असलं तर बरं. फादर सुरुवातीला नाव वाचतात, तेव्हा ते चिठ्ठीवर नीट, सुवाच्य देवनागरीत लिहून द्या. ऑफिसातली नोंद बऱ्याचदा इंग्रजीत होते आणि मग गोदावरीची ‘गोडावारी’ होते.